नाव ठेवायचं नाही

ओझरच्या पुढं, हायवेवर,
आई गेली डंपरखाली.
दोन दिवसांनी ऊसतोडीत पिल्लू सापडलं,
मांजराएवढं,
तुळसाबाईच्या पदरात फिस्कारत.

साहेब म्हणाले, सखाहरी, जीव लावू नको.
बोलायचं नाही त्याच्याशी.
आणि नाव ठेवायचं नाही.

मी नाही ठेवलं.
लोकांनी मलाच ठेवली:
पिल्लू रात्रभर रडतं,
हा भिंतीआड बसून तंबाखू मळतो.

गोणपाटाच्या फटीतून बाटली आत.
हातमोज्यांना बिबट्याच्याच मुताचा वास,
तोच पुढं भाकरीला.
घरी विमल म्हणाली, आमच्याशी तरी बोला.
तोंड उघडलं,
आणि उगाच पाणी मागितलं.

पहिली घूस त्यानं श्रावणात मारली.
अर्धी खाल्ली, अर्धी पुरायला विसरला.

दुसऱ्या दिवाळीनंतर एका सकाळी
फटीत माझा डोळा दिसला तसा
कान पाडून, दात काढून
असा आला अंगावर
की जाळी कोपऱ्यातनं सुटली.
मी मागच्या मागं. ढोपर फुटलं.
त्या संध्याकाळी म्हसरूळ नाक्यावरून
पाव किलो पेढे नेले घरी.
विमलनं विचारलं, कशाचे?
म्हटलं, ओळख विसरला.

पेठच्या रानात पिंजऱ्याचं दार वर ओढलं.
बराच वेळ काहीच नाही.
मग अंधाराचा एक तुकडा
उठून दुसऱ्या अंधारात गेला.

परतताना ड्रायव्हर गाणी लावून होता.
मी काच खाली केली
आणि एक नाव घेतलं, एकदाच.
फार काही चांगलं नव्हतं.