तिसरी नळी

पावणेदोनला सिद्राम जिना उतरून धावत आला.
मुठीत तीन नळ्या. बर्फ नाही,
बर्फ नको हे मीच त्याला दोनदा ओरडून शिकवलंय.
'हलीमा मॅडम, पाठीतलं पाणी.'

पाणीच म्हणतात सगळे मिरजेत.
मेंदू ज्यात तरंगतो
त्याला दुसरं साधं नाव कुणी दिलं नाही.

पहिली नळी लालसर. नव्या डॉक्टरांची सुई दोनदा चुकली.
दुसरी फिकट.
तिसरी नितळ, समोर धरली तर
पलीकडची वर्तमानपत्राची अक्षरं वाचता येतील इतकी.
मोजायची ती तिसरीच.
आणि तासाच्या आत, कारण या पेशी
माणसाबाहेर फार वेळ तग धरत नाहीत.
फुगतात, विरतात,
मग काचेखाली काहीच नव्हतं असं वाटतं
आणि आपण तसं लिहून मोकळे होतो.

चिठ्ठीवर: कस्तुरा ऐवळे, एकोणचाळीस, सावळज.
डोकं दुखतं तीन आठवडे. उलट्या. मान ताठ.
परवापासून लेकीला मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक.

लेक दाराशी उभी. तिनं न विचारता सांगितलं,
आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला असते,
काडी एकीकडे, काळा दाणा एकीकडे, हिरवा वेगळा.
गेल्या पंधरवड्यात काड्या दाण्यांत जायला लागल्या.
मुकादमानं हजेरी कापली.
पहिलं निदान ते.

मी काचेवर थेंब सोडला.
दोन मिनिटं थांबायचं असतं, पेशी तळाला बसेस्तोवर.
या दोन मिनिटांत मी कधीच काही विचार करत नाही,
पंख्याचा आवाज ऐकते.

मग नऊ चौकटी.
वरच्या आणि डाव्या रेघेवर बसलेली धरायची,
खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडायची.
शिवेवरच्यांचा हा निवाडा पंचवीस वर्षांपूर्वी
कुलकर्णी बाईंनी शिकवला, कारण न सांगता.
एकच पेशी दोनदा मोजली जाऊ नये, एवढंच ते कारण,
मला उशिरा कळलं.

अंगठ्याखाली मोजणीयंत्र टकटकत राहिलं.
निरोगी माणसाच्या नऊ चौकटींत
चार-पाच भेटल्या तरी पुष्कळ.
मी दोनशे सोळावर थांबले.

रंग दिला, वाळवलं, तेलाचा थेंब, मोठं भिंग.
बहुतेक सगळ्या लहान, गोल,
जांभळं केंद्रक काठोकाठ भरलेलं
आणि कडेला निळ्याची जेमतेम किनार.
घाईघाईनं येणाऱ्या, पू करणाऱ्या पेशी थोड्याच.
म्हणजे हे दुखणं कालचं नव्हे.
सावकाश आलंय, उंबऱ्यावर बसून राहिलंय.

साखर अठ्ठावीस. प्रथिनं एकशे नव्वद.
डॉक्टर तेरदाळे फोनवर: 'पण पाणी तर स्वच्छ होतं हो!'
होतं.

क्षयाचा जंतू शोधला. पाऊण तास.
डोळ्यांतून पाणी यायला लागलं, माझ्या, साधं खारं.
सापडला नाही.
अहवालात लिहिलं, 'आढळला नाही.'
'नाही' असं लिहिलं नाही.
या दोन वाक्यांमधल्या जागेत
औषध सुरू करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात.
साडेचारला त्यांनी ठरवलं.

आठला पाळी संपताना
तिसरी नळी स्टँडवरून उचलली, उरलेली, विसरलेली.
मधोमध कोळिष्टक उभं होतं,
इतकं बारीक की श्वास लागला तर हलेल.
मी कितीदा पाहिलंय, दहा-बारा वेळा,
तरी पुन्हा खिडकीपाशी नेऊन पाहिलं.
तेरदाळेंना खाली बोलावलं. ते काही बोलले नाहीत.

लेक अजून पायरीवर. हातात रिकामा डबा.
'पाण्यात काय होतं?'
डॉक्टर सांगतील, म्हटलं. हा नियम आहे.
ती म्हणाली, 'पर मोजल्या न्हवं सगळ्या?'
मोजल्या.
शेडवर वजन ऐकून मान हलवतात
तशी तिनं हलवली,
आणि डबा धुवायला नळावर गेली.