एक बाय चोवीस

एकतीस वर्षं दारव्हा डेपोत
एसटीच्या अंगावर लाल रंग मारला.
एका गाडीला किती लिटर, झोपेतही सांगतो.
आता तळहातावर मावेल एवढी मोटार,
तिला रंग बाटलीच्या बुचात मावेल एवढा,
त्यातलाही अर्धा उरतो.

खोका माळ्यावर सापडला, लोखंडी कोठीमागं.
वर चित्र: निळी मोटार, पाठीशी बर्फाचा डोंगर.
उंदरांनी डोंगर खाल्ला, मोटार ठेवली.
आत हेमराजनं नववीत जोडलेली तश्शीच होती,
दारं वाकडी, छत उचललेलं,
सांध्यासांध्यातून सोल्युशन ओघळून गोठलेलं
बाभळीच्या डिंकासारखं.

पंचफुला म्हणाली, "या वयात खेळनं मांडलं काय जी?"
म्हटलं, रिपेरिंग आहे.
रिपेरिंग म्हटलं की ती काही बोलत नाही.

दोन दिवस ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली.
तिसऱ्या दिवशी जुना रंग सुटला
कांद्याच्या टरफलासारखा.
सांधे ब्लेडनं सोडवले, श्वास धरून.
एक दार तुटलंच.
शिवी दिली, मग जोडलं.

वैशाख. कूलर लावावा तर धूळ रंगात बसते,
न लावावा तर घाम बॉनेटवर.
म्हणून पहाटे चारला उठून एक हात मारतो
आणि वर टोपलं पालथं घालतो,
कोंबडीची पिल्लं झाकावी तसं.
नंबराचे स्टिकर पिवळे पडले होते,
खिडकीच्या काचेला चिकटवून दिले.
दोन दिवसांत पांढरे.
इथलं ऊन कशाच्या तरी कामी आलं.

आरसा माझ्याच बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाचा,
हेडलाइटची काच त्याच पाकिटाचा फुगा.
एरियल खराट्याची काडी तासून,
सीटला फाटक्या छत्रीचं कापड.
मडगार्डखाली आपलीच काळी माती लावली,
चहाच्या गाळणीतून सात वेळा चाळून.
चोवीसपट बारीक व्हायला हवी ना.
तरी ढेकळंच दिसतात.

समोरच्या काचेवर अंगठा आहे.
सोल्युशनचा ओला अंगठा, उमटला तो उमटला,
रेघन् रेघ मोजता येते.
याच्यावरूनच मारलं होतं त्याला.
दोनशे दहा रुपयांची गाडी, नागपूरहून आणलेली.
तेव्हा माझा पगार किती होता
ते आता सांगत बसत नाही.

टूथपेस्टनं घासलं की प्लास्टिकची काच लख्ख होते,
डेपोतल्या गफूरभाईनं शिकवलेलं.
कापसाचा बोळा केला, पेस्ट घेतली.
दाराशी कोणी आल्यासारखं वाटलं म्हणून उठलो.
कोणी नव्हतं.
परत आलो तोवर पेस्ट सुकली होती.
बोळा टाकून दिला. काच तशीच बसवली.

एक चाक नाही.
कोठी सरकवली, माळा झाडला,
शेवटी पुण्याला फोन लावला.
मागं हॉर्न, हॉर्नच्या मागं हॉर्न.
"कोनती गाडी, बाबा?"
"निळी."
थोडा वेळ नुसते हॉर्न.
"चाक मीच फेकलं असंन. विहिरीत. तवाच."
मग पॅसेंजर आला म्हणाला, ठेवतो.

बॉलपेनच्या रिफिलीचा जॅक केला,
पुढची डावी बाजू उचलून धरली.
फळीवर भुसा, भुशावर डांबर,
कडेला बाभूळ, खऱ्याच बाभळीच्या मुळीची.
डिकी उघडी, पान्हा खाली पडलेला.
गाडी घरंगळू नये म्हणून मागच्या चाकाला खडा,
ज्वारीच्या दाण्याहून लहान,
पण लावला.

शेजारचं पोट्टं रोज येऊन बघतं.
"ड्रायवर कुठी गेला, आबाजी?"
"चाक घेऊन गेला. पंक्चर काढाले."
"कवा येईन?"
मी ब्रश धुवायला घेतो.
डब्यातलं रॉकेल
संपत आलंय.