विळा

दोरकसताईचं पत्र चर्चमध्ये मीच वाचतो.
तिचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नाही.
नवापूरच्या मिशन दवाखान्यात अठरा वर्षं
रक्ताच्या काचपट्ट्या पाहून
वाकडंतिकडं ओळखायची सवय झालीय मला.

ती मलावीत आहे.
पाळक यहोशवा गावितांनी भिंतीवरच्या नकाशात
बिब्ब्याने ठिपका दिलाय, एका लांबट सरोवराच्या कडेला.
संडेस्कूलची पोरं त्याला ताईचा तीळ म्हणतात.

पहिल्या पत्रात जेवणच फार होतं.
‘इथेही मक्याचं पीठ घाटतात,
हाताने गोळा मोडतात, पाल्याच्या भाजीला लावतात.
फक्त मिरची आपली नाही.’
आम्ही पाठवली, नंदुरबारची, दोन किलो.
पोचली नाही.
कुठल्यातरी बंदरावर कुणी साहेब
अजून शिंकत असेल.

दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं:
‘बायका विचारतात, तू गोरी नाहीस,
मग मिशनरी कशी?
मी त्यांना आपल्या आज्याची गोष्ट सांगितली.
गोऱ्या बाई सायकलवरून आल्या, मागे कुनैनचा डबा बांधून,
तेव्हा आज्याने त्यांच्यावर कुत्रं सोडलं.
कुत्रं उलटून आज्यालाच चावलं.
बाईंनी महिनाभर त्याचीच जखम धुतली.
इथल्या बायका इतक्या हसल्या
की चिकोंडी नावाच्या म्हातारीला ठसका लागला,
आणि तिची पाठ चोळताना
पहिल्यांदा मला कुणी पोरी म्हणून हाक मारली.’

चर्चही हसलं.
मग मागच्या बाकावरून बरकूमामा वसावे उठले.
‘आपल्या डोंगरावर डॉक्टर टिकत नाही,
बाळंतीण झोळीत घालून उतरवतो आपण.
आन ही पोर तिकडे कशाला?’
पाळकांनी घसा साफ केला.
पेटीवाल्याने उगाच भाता दाबला.
मूठभर तांदळाची टोपली पुढे सरकली.
मामांनी मूठ टाकली
आणि बाहेर जाऊन विडी पेटवली.

तिसरं पत्र चर्चला नाही, मला आलं.
‘म्फात्सो सात वर्षांचा आहे.
तीन रात्री ओरडतोय. त्याची आई म्हणाली,
याची हाडं रडतात.
मी दुभाष्याला दोनदा विचारलं, हाच शब्द?
तो म्हणाला, हाच.’

आमच्या आईचा शब्द.
सलोमीसाठी.
मोह दोनदा वेचला त्या वर्षी,
भगताने पोटावर डागण्या दिल्या,
दवाखान्यातून प्रार्थना आली,
आणि औषध त्या प्रार्थनेच्या दोन दिवस मागून.
सगळ्यांनी मनापासून केलं.
सलोमी नऊची होती.

‘मी बायबल उघडून बसले होते,’ ताई लिहिते,
‘पोरगं वाकून धनुष्य झालेलं.
काय वाचणार?
पुस्तक मिटलं, पाणी तापवलं,
पिशवी भरून त्याच्या गुडघ्याला धरली पहाटेपर्यंत.
कोंबडा आरवला तेव्हा तो झोपला.
माझी प्रार्थना झाली की राहिली,
ते मला माहीत नाही.
फॉलिक ॲसिडच्या गोळ्या संपत आल्यात.’

सोबत काचपट्टीचा फोटो.
मी तो आमच्या सूक्ष्मदर्शकाशेजारी धरला.
तोच विळा.
आमच्या पावरा, भिल्ल, मावची पोरांच्या रक्तात असतो तो.
मधे एवढं खारं पाणी,
आणि धार जराही बोथट नाही.

आज रविवार.
पत्र माझ्या खिशात आहे.
मामा मागच्या बाकावर, त्यांच्याजवळ नातू,
गुडघे पोटाशी घेऊन.
त्याची काच काल मीच पाहिली.
घरी अजून सांगितलेलं नाही.

‘वाच की,’ मामा म्हणतात,
‘काय लिहिलंय पोरीने?’

मी चष्मा पुसतो.
पुन्हा पुसतो.
म्हणतो, या वेळी
अक्षर लागत नाही.