भरतीची वाट

आज आमचं घर चालणार आहे.
खाडीच्या या काठावरून त्या काठावर,
चुलीसकट, चौकटीसकट,
आणि या खेपेला माझ्यासकट.

चिलोए बेटावर घरं अशीच हलवतात.
खाली ओंडके सरकवायचे, पुढे बैल जुंपायचे,
गाव गोळा करायचं. मजुरी कुणी मागत नाही.
रोसेंदानं पहाटेपासून बटाट्याच्या भाकऱ्या थापल्यात,
सफरचंदाची दारू पिंपात बसून आहे.

मी एलेउतेरिओ चिगुआय.
एकतीस घरं ओढली मी.
मोजलीत. दारूच्या दुसऱ्या पेल्यानंतर
लोकांकडूनही मोजून घेतलीत.
मी दोर खांद्यावर घेतला की बैल माझ्याकडे बघून चालायचे,
असं मीच सांगायचो.
निघण्याआधी प्रार्थना असायची.
म्हातारा हुएन्तेओ सगळ्यांना टोप्या काढायला लावायचा.
मीही काढायचो,
एक हात टोपीला, दुसरा आधीच दोराला.
आणि 'आमेन' असं दणकून म्हणायचो
की देवाला वाटलं असेल, हा बैलांनाच हाकतोय.

मग मागच्या हिवाळ्यात, गोठ्यात, बादली उचलताना
माझी उजवी बाजू निघून गेली,
पाहुण्यानं न सांगता उठून जावं तशी.
जाताना अर्धी जीभही घेऊन गेली.
आता रोसेंदा घास भरवते
आणि मी भिंतीकडे बघत गिळतो.

टेकडी खचतेय, म्हणून घर हलवायचं.
मला शेजारी ठेवणार होते.
मी मान हलवली. पुन्हा हलवली.
शेवटी खुर्ची खिडकीशी लावली,
पोटाला जुना लगाम बांधला.

सहा जोड्या. दोर ताणले. घर कण्हलं,
उतारावरून चिखलापर्यंत आलं आणि रुतलं.
'ओढा!' मी ओरडलो.
तोंडातून लाळ आली.
डावा हात खिडकीची चौकट ओढत राहिला,
घराच्या आत बसून घरच ओढत.
दुपारपर्यंत दोन दोर तुटले,
एक बैल गुडघ्यांवर बसला तो उठेना.
पोरं चिखलातच टेकली, सिगारेटी पेटल्या.
'आता पाणी येईल तेव्हा,' कुणीतरी म्हणालं.

हे वाक्य मी एकतीस वेळा ऐकलंय.
एकतीसही वेळा मी तेव्हा गाठी तपासत होतो.
पाणी येतं, हे धरूनच चाललो होतो,
जसा श्वास येतो,
हाक मारली की बायको येते,
जसा उजवा हात यायचा.

आज करण्याजोगं काही नव्हतं, म्हणून पाहिलं.
आधी शिंपल्यांभोवती चकाकी.
मग बैलांचे खूर दिसेनासे झाले, बैल सोडून नेले.
मग फळ्यांच्या खाली
कुणीतरी हलक्या आवाजात बोलू लागलं.
आणि बारा बैलांना न जुमानलेलं माझं घर
चिखलातून उठलं.
हिसका नाही, हाक नाही.
खुंटीवरचा पेला तेवढा झुलला.

म्हणजे, प्रभू,
तू इतकी वर्षं खालून उचलत होतास
आणि मी पुढे उभा राहून खांदा दाखवत होतो.
मला लाज वाटली.
मग, कसं सांगू, हसूच आलं,
अर्ध्याच तोंडाला.
रोसेंदा धावत आली, तिला वाटलं पुन्हा झटका.

मोटरबोटीनं आम्हाला पलीकडे नेलं.
घर वाकडं टेकलं, दार नेमकं वाऱ्याच्या तोंडाशी.
रोसेंदा चिडलीय.
उद्याच्या भरतीला सरळ करू, म्हणतात.

हुएन्तेओनं टोपी काढली.
माझी रोसेंदानं काढली.
'आमे' एवढंच निघालं.
उरलेल्या अक्षरासाठी मी झटलो नाही.
हातात दोर नव्हता.
खाली पाणी अजून बोलत होतं.