आधी मोजा

उपकेंद्राच्या क्वार्टरला वर पत्रे,
पत्र्यांखाली फळ्यांचं छत,
आणि मधल्या वीतभर अंधारात
माझ्याआधी राहायला आलेल्या पाकोळ्या.

सकाळी लशीच्या डब्यावर काळे दाणे,
उशीला आंबूस वास.
केवळबाई म्हणाली, सिस्टर, मिरच्यांची धुरी द्या,
एका रात्रीत खेळ खलास.
आणल्या होत्या मी मिरच्या. पावशेर.

मीटर बघायला आलेला खय्यूम वायरमन
शिडीवरून आत बॅटरी मारून
गपकन खाली उतरला.
"आत्ता नको बाई. लेकरं हायेत पोटाला,
उघडी, बोटाच्या पेराएवढी.
आया बाहेर गेल्यावर वाट बुजवली
तर ती वर सडतील. वास मग तुमालाच."

माझी नोकरीच बाळंतपणाची,
मुखेड तालुक्यात अकरा वर्षं.
मिरच्या भाजीत संपवल्या.

मग रोज दिवेलागणीला ओट्यावर बसायचं,
वळचणीच्या फटीकडे तोंड करून.
जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर रेघा:
बेचाळीस. एकेचाळीस. बेचाळीस.
एका गुरुवारी एकसष्ट.
नव्यांचं उडणं कळतं लगेच,
विजेच्या तारेला लागता लागता वाचतात.

पोळ्यानंतर खय्यूम आला.
बाकीच्या फटी लिंपल्या, एकच ठेवली,
तिच्यावर सरकारी मच्छरदाणीचा तुकडा:
वरून खिळे, खालून मोकळा.
निघणारी पाकोळी सरपटत खाली येते
आणि जाते.
परतणारी तिथंच वर धडपडते, जाळीशी,
थोडा वेळ.
हे थोडा वेळ मला बघवलं नाही.
तिसऱ्या रात्री आत शिरलं नाही कोणी.

एक राहिलीच. स्वयंपाकघरात, पंख्याच्या दांडीला.
दिवा घालवला, खिडकी सताड उघडली, तरी हलेना.
खय्यूमचे विजेचे जाड हातमोजे,
ओआरएसचं रिकामं खोकं, खालून पुठ्ठा.
खोक्यात ती टिचक्या मारल्यासारखी बोलत होती.
लिंबाच्या खोडावर, डोक्याच्या वर लावली,
भुईवरून त्यांना उठता येत नाही म्हणे.
खोड चाचपत वर गेली, मग नव्हती.

आता छत गप्प आहे.
डास वाढलेत.

काल शाळेचे टोम्पे सर आले,
घाम पुसत, थोडे रागातच:
"सिस्टर, तुमच्याकडच्या सगळ्या आमच्या सातवीच्या वर्गात.
पोरं पाढे सोडून वर बघतात.
धुरी द्यावी म्हणतो."

मी फळीवरून मच्छरदाणीचा तुकडा काढला,
रजिस्टर काढलं,
मागचं एक कोरं पान फाडलं.
म्हटलं, सर, बसा.
आधी मोजा.