वजन यायचंय

सावद्याहून फैजपूरकडे निघालं की डाव्या हाताला
आमचा चाळीस टनी काटा.
काट्यावर केळीचा ट्रक, ट्रकवर ताडपत्री,
ताडपत्रीवर पाय सोडून बसलेला क्लीनर.
आत मी,
आणि स्क्रीनवर गोल गोल फिरणारं निळं कडं.

वजन यायचंय.

"ओ ताई, झोपलं का तुमचं मशीन?"
झोपलं नाही भाऊ, जरा जास्तच जागं आहे.
खाली कोपऱ्यात ती हिरवी ढाल दिसते ना,
रोज साडेदहाला, नेमकी गाड्यांच्या गर्दीत,
तिची गस्त निघते.
एकेक फाइल उघडून हुंगते:
आठ वर्षांपूर्वीच्या पावत्या,
मालकांच्या भाचीच्या हळदीचे फोटो,
कुणाचा तरी सातबारा, तोही तिरपा स्कॅन केलेला.
एक लाख चौदा हजार फाइली.
झाल्यात अकरा टक्के.
पंख्याचा आवाज असा, जणू डब्यात गिरणी.

भुसावळहून हितेंद्र फिरके आला, स्क्रू काढायच्या आधीच हसला.
"ताई, दोन जीबीचा जीव हा,
आणि यात दोन-दोन राखणदार बसवलेत.
एकानं फाइल धरली की दुसरा म्हणतो, थांब, तू कोण?
दिवसभर एकमेकांनाच चोर समजतात."
एकाची मुदत दिवाळीतच संपली होती,
तो नुसता ओरडायचा. त्याला काढलं.
मशीन थोडं पळालं.
थोडंच.

मालक म्हणाले, दुसराही काढून टाक ना मग.
मी त्यांच्याकडे बघितलं.
ते वर्ष विसरले वाटतं,
जिनिंगवाल्याचा पेन ड्राइव्ह लावला होता
फक्त एक बिल छापायला,
आणि महिन्याभराची सगळी वजनं
एका रात्रीत अगम्य अक्षरं झाली.
मग हेच दारोदार फिरत होते व्यापाऱ्यांच्या,
"तुमच्याकडची पावती दाखवा हो जरा."
गप्प झाले. चहा मागवला.

माझे अण्णा चोरवडच्या नाक्यावर होते.
प्रत्येक गाडीची ताडपत्री उचलायचे,
बॅटरी मारायचे, गोणीत सळई खुपसायचे.
रांग मागे नाल्यापर्यंत.
ड्रायव्हर शिव्या द्यायचे, त्या अण्णा घरी आणत नसत,
पण खाकीला डिझेलचा वास असायचा.
एकदा विचारलं, इतक्या वर्षांत चोर किती सापडले?
म्हणाले, "अडीच."
अर्धा कोण?
"त्याच्याकडं मीठच निघालं बिचाऱ्याच्या.
पण रात्रभर बसवून ठेवला होता मी."

ढालीचंही तसंच.
पोळ्याच्या दिवशी तिनं आमच्या काट्याचा प्रोग्रामच
चोर म्हणून आत टाकला.
बाहेर अकरा गाड्या, आत मी फोनवर हितेंद्रला,
आणि तो म्हणतोय, "यादीत नाव घाला त्याचं,
सांगा तिला, हा घरचा आहे, याला जाऊ दे."
घातलं.

आता गस्त रात्री दोनला लावलीय.
तर मालक रात्री मेन स्विच पाडून जायचे, बिल येतं म्हणून,
आणि सकाळी मशीन लावलं की
ढाल कालची राहिलेली गस्त
पहिल्या ट्रकपासूनच सुरू करायची.
शेवटी बटणावर कागद चिकटवला:
बंद करू नये. रात्री राखण चालू असते.

रात्रपाळीच्या रायसिंग बारेलानं तो
बोट ठेवून, अक्षर-अक्षर वाचला.
काठी भिंतीला टेकवली.
"ताई, मग मी काय करू?"

मला हसू आलं, मग आलं नाही.
त्याला म्हटलं, तू ट्रकांवर लक्ष ठेव,
ते कागदाला विचारत नाहीत.
आज सकाळी पहिली गाडी काट्यावर आली,
आणि क्लीनर खाली उतरायच्या आत वजन आलं:
सोळा हजार चारशे वीस.
रायसिंग अजून गेला नव्हता.
म्हणाला, रात्री दोन वाजता पंखा जोरात फिरायला लागला,
म्हणून मी खुर्ची आत घेतली,
त्याच्याजवळ बसलो.