पडताळणी आणि मुद्रांकन

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
मी दिसलो की तागड्या आपोआप सरळ होत.
तळातलं शिसं उकरून काढलेलं किलोचं वजन
मी नुसतं तळहातावर घेऊन ओळखायचो.
वीस ग्रॅमची चोरी मनगटाला कळायची.

म्हणून काजतानने मलाच बोलावलं हळदोण्याला.
स्विंडनहून जॉविटोने वायर पाठवलीय,
यूएसबीची, दीड मीटर, आत चांदी म्हणे,
मखमली पिशवीत, बिशपची अंगठी असावी तशी.
खोक्यावर किंमत पौंडांत.
मी मनातल्या मनात रुपये केले
आणि पाणी मागितलं.

जुनी वायर प्रिंटरची. करडी,
नदीकाठच्या हवेने टोकाला हिरवट पडलेली.

ऐकायचं काय, तर त्याचीच कॅसेट
संगणकात भरून घेतलेली. त्र्याऐंशी सालचं तियात्र,
दोन पडद्यांमधलं कांतार, पहिला ट्रम्पेट काजतान.
रव्यात घोळलेलं इसवण तव्यावर पडावं
तशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत टेपची खरखर.
हिच्यासाठी चांदी.

मी म्हटलं, होऊ दे, पण रीतसर होऊ दे.
आर्सेनिया वहिनी कपाटामागे बसली.
वायर बदलायची की तीच ठेवायची, तिची मर्जी,
फक्त कॅलेंडरच्या पाठीवर टिपून ठेवायचं.
आम्ही डोळे मिटून. दहा फेऱ्या.
काजतानचा डावा कान बँडच्या ड्रमने कधीच नेला,
तो कोंबडीसारखी मान वळवून
उजवा पुढे करून बसला.

ही जाड, म्हणाला, कालची कडी आटवावी तशी.
ही पातळ, पण आंबटाला धार आहे.
आता बघ, ट्रम्पेट खिडकीपाशी येऊन उभा राहिला,
दिसतो तुला?
मी एक डोळा उघडला. खिडकीपाशी मांजर होतं.
मी लिहीत राहिलो, अ, ब, ब, अ.
सहाव्या फेरीत खुर्ची सरकल्याचं स्पष्ट ऐकलं
आणि हुरळून गेलो.
ती वहिनीची होती.

माझी दहात पाच बरोबर.
त्याचीही पाच.
नाणं उडवलं असतं तरी हेच, आणि
नाण्याला तीन कप कॉफी लागली नसती.
वहिनीने कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली,
आणि एप्रनच्या खिशात टाकली.
हसली नाही.

तेवढ्यात फोन.
फरक आसा, पुता, व्हड फरक!
हांगा इन्स्पेक्टर बसला, ताका विचार.
फोन माझ्या हातात आला.
काचेत एक अरुंद खोली, हीटरवर वाळत घातलेले मोजे,
गोदामाचं पिवळं जाकीट अंगावर तसंच, आणि जॉविटो.
अंकल, खरंच कळतं?

माझ्याकडे शिक्का असायचा,
तिमाहीचं अक्षर, वर्षाचे दोन आकडे.
खोट्या वजनावर तो एकदाही उमटला नाही.
सख्ख्या मेव्हण्याचा काटा जप्त केला होता मी,
पुढच्या तीन चवथी त्या घरून
माटोळीला सुपारीचा घड आला नाही.

काजतान उजवा कान माझ्याकडे करून उभा.

मी म्हटलं, झांज मोकळी येते.
जॉविटोने विचारलं, किती?
किती, असं विचारलं त्याने.
मी मोकळा हात पुढे केला, तळवा वर,
थोडा वेळ तसाच धरला,
आणि सांगितलं, वीस ग्रॅम.

परतताना खोर्जुव्याच्या पुलावर स्कूटर थांबवली.
तिथे अख्खा रस्ता तारांना टांगलेला आहे.
त्यातल्या एकीला कान लावला.
काही नाही. पुढचीलाही लावला.
बऱ्याच वेळाने लक्षात आलं,
हेल्मेट काढलंच नव्हतं.